काळ्या रानातली तांबडी माती

परभणी जिल्ह्यातली जमीन काळी, कापसाची. पावसात ती गोळा होऊन पायाला चिकटते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत कुस्ती होत नाही. तालमीच्या हौद्याला तांबडी माती लागते. ती चाळायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मुरवायचा आणि रोज पहाटे फावड्याने खालीवर करायची. हौदा उकरणं हाच नव्या पोराचा पहिला धडा. खांदा, कंबर आणि मनगट तिथंच घडतं, असं जुना वस्ताद म्हणतो. गादीवर, म्हणजे मॅटवर, शिकवणाऱ्या प्रशिक्षकाला तेच पटत नाही. उकरण्यात गेलेल्या वेळात पोरगं पन्नास वेळा पटात शिरलं असतं, असं त्याचं म्हणणं.

माती की गादी, हा महाराष्ट्रातल्या वस्तादांमधला वाद फार जुना आहे. तो शिकवण्याच्या पद्धतीचा वाटतो. माझ्या मते त्याचं मूळ दुसरीकडे आहे: पोराने नेमकी कुठली कुस्ती जिंकायची?

मातीत निकाल एकच, चितपट. दोन्ही खांदे टेकले की संपलं. खाली गेलेला पैलवान पोटावर घट्ट पडून राहतो, दम खातो, वरच्याला दमवतो आणि संधी साधून उठतो. मातीत हे शहाणपण. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. ताबा घेतला की दोन गुण, रेषेबाहेर पाय पडला की समोरच्याला एक. पोटावर पडलेल्याच्या कमरेला मिठी घालून भारंदाज मारला की प्रत्येक फिरकीला दोन. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांचा फरक पडला की कुस्ती तिथंच थांबते. म्हणजे मातीत जी सवय पैलवानाला वाचवते, तीच गादीवर त्याला अर्ध्या मिनिटात हरवू शकते. उभं राहण्याचंही तसंच. मातीतला पैलवान ताठ उभा राहून हाताला हात देतो, गादीवरचा गुडघ्यात वाकून पायावर नजर ठेवतो. वयाच्या अठराव्या वर्षी ही ठेवण बदलायची म्हणजे चालणं नव्याने शिकण्यासारखं आहे.

मातीवाले आपल्या बाजूने मोठी नावं घेतात आणि ती खरीच मोठी आहेत. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीतले. 1948 साली लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले, 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमधून कांस्यपदक घेऊन परतले. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत गणपतराव आंदळकरांनी ग्रीको-रोमनमध्ये आणि मारुती मानेंनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक मिळवलं. पण खाशाबांची गोष्ट पूर्ण सांगायला हवी. लंडनच्या आधी त्यांना गादीवरचे डावपेच शिकवायला रीस गार्डनर हा परदेशी प्रशिक्षक होता. आणि हेलसिंकीत जपानच्या इशीई या मल्लाशी दमछाक करणारी लढत झाल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं गेलं. नियमाने मिळणारी विश्रांती मागायला भारताचा अधिकारी जवळ नव्हता, असं सांगितलं जातं. ताकद मातीने दिली होती. नियम जाणणारं माणूस सोबत नव्हतं. ही गोष्ट वाचताना मला दर वेळी हळहळ वाटते.

कुठल्या मैदानासाठी घडवायचं, हा पेच कुस्तीपुरता नाही. अमेरिकेत पीट सॅम्प्रस चौदा वर्षांचा असताना त्याचे मार्गदर्शक पीट फिशर यांनी त्याचा दोन हातांचा बॅकहँड मोडून एक हाताचा करायला लावला. फिशर पेशाने बालरोगतज्ज्ञ. त्यांच्या डोळ्यासमोर विम्बल्डनचं गवत होतं. मुलगा काही काळ कुमार गटात हरत राहिला, लोकांनी नावं ठेवली. पुढे त्याने विम्बल्डन सात वेळा जिंकलं. मैदान आधी ठरलं होतं, फटका नंतर ठरला.

आपल्या मराठवाड्यातलं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. लातूर जिल्ह्यातले हरिश्चंद्र बिराजदार 1970 च्या एडिनबरा राष्ट्रकुल स्पर्धेतले सुवर्णविजेते. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरं घडवली. परभणीच्या शेजारच्या बीडमधला, पाटोद्याचा राहुल आवारे त्यांच्या हाताखाली वाढला. 2011 साली बिराजदार गेले आणि राहुल काका पवारांकडे आला. काका पवारही लातूरचेच, ग्रीको-रोमनमधले, अर्जुन पुरस्कार मिळालेले. 2018 साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत राहुलने 57 किलो गटात सुवर्ण घेतलं, 2019 साली जागतिक स्पर्धेत कांस्य. दोन गुरूंनी एकाच शरीरावर मेहनत घेतली आणि एकाने दुसऱ्याचं मोडलं नाही.

राज्यपातळीवर हा वाद मिटवण्याऐवजी त्याची वाटणी झाली. 1961 साली पहिली महाराष्ट्र केसरी औरंगाबादला झाली. आज या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींतले विजेते किताबासाठी भिडतात. जानेवारी 2020 मध्ये बालेवाडीत हर्षवर्धन सदगीर गादीतून आला, शैलेश शेळके मातीतून, आणि दोघेही काका पवारांचेच पठ्ठे! वस्ताद एकच, पण प्रत्येकाला त्याच्या मैदानाप्रमाणे तयार केलेलं. 2023 साली पुण्यात मात्र माती विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत बाहेरची टांग या डावाला दिलेल्या चार गुणांवरून महाराष्ट्रभर वाद पेटला. खांदे टेकले का, एवढाच प्रश्न असता तर डोळ्यांना निकाल दिसला असता. गादीचा हिशेब मातीत आला होता, आणि प्रेक्षकांची नजर अजून चितपटाचीच होती.

गादीच्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा वस्तादांच्या भांडणात क्वचित निघतो. तो मुलींचा. तालमीच्या हौद्यात मुलीने उतरायचं नाही, ही पिढ्यान्‌पिढ्यांची चाल. गादी सभागृहात अंथरली गेली आणि ती चाल सैल झाली. मार्च 2023 मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली. मातीवर जीव असूनही या एका कारणासाठी मी गादीच्या बाजूला उभा राहीन.

तरी परभणीच्या खेड्यातल्या वस्तादाला दोष देणं मला जमत नाही. त्याच्या पोराचं मैदान म्हणजे गावोगावच्या जत्रा. हलगी घुमते, नारळावरच्या कुस्तीपासून सुरुवात होते आणि शेवटच्या कुस्तीचा इनाम पंचांच्या हातात दिसत असतो. त्या पैशावर पोराचं दूध, बदाम, तूप चालतं. गुण मोजणारी कुस्ती तालुक्यापासून लांब, आणि गादी महाग. म्हणून तो ढाक शिकवतो, घिस्सा शिकवतो, पोटावर पडून दम धरायला शिकवतो. दोन्ही येणारा वस्ताद गावात मिळेपर्यंत पोराला निवड नाहीच. पहाटे पोरगा फावडं उचलतो आणि लांबून आणलेली तांबडी माती उकरायला लागतो.