कामगिरी लावणारा माणूस

नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रकाशा गावी, एसटी थांब्यावर तीन वाटा फुटतात. तापीचा पूल ओलांडला की नंदुरबार, पूर्वेला शहादा, पश्चिमेला तळोदा आणि त्याच्याही पुढे अक्कलकुवा. केदारेश्वराला आलेले भाविक, तापी-गोमाईच्या संगमावर अस्थी विसर्जन करून परतणारी मंडळी, नंदुरबारला जाऊन सुरतेची रेल्वे गाठायची म्हणून बोचकी घेऊन निघालेले मजूर, शहाद्याच्या कॉलेजची पोरं. सगळ्यांना घोर एकच, गाडी येते की नाही. गावात आगार नाही, रेल्वे नाही. म्हणून इथली गाडी येणार की नाही हे प्रकाशात ठरतच नाही. ते आदल्या दिवशी शहादा, नंदुरबार किंवा अक्कलकुव्याच्या आगारात, वाहतूक शाखेतल्या एका टेबलावर ठरलेलं असतं. त्या टेबलामागे बसणाऱ्या माणसाबद्दल मला लिहायचं आहे.

एसटीत ड्युटीला ‘कामगिरी’ म्हणतात आणि ती वाटून देणं म्हणजे ‘कामगिरी लावणं’. विमान कंपन्यांत हेच काम करणाऱ्याला क्रू शेड्यूलर म्हणतात, तिथे वैमानिक आणि केबिन क्रूची जुळणी करायची असते. आगारात चालक-वाहकांची जोडी लावायची. गाडी आहे, डिझेल आहे, प्रवासी उभे आहेत, पण योग्य वेळी योग्य विश्रांती घेतलेली दोन माणसं नसतील तर फेरी रद्द.

बाहेरून हे काम कारकुनी वाटतं. ते किती अवघड आहे हे एक मुक्कामी गाडी घेऊन बघा. समजा, शहाद्याहून संध्याकाळची गाडी धडगाव भागात मुक्कामाला गेली. पावसाने घाटात खोळंबा झाला आणि साडेआठला पोचायची ती साडेनवाला पोचली. वाहकाने तिकिटांचा आणि रोकडीचा हिशेब लावला, चालकाने गाडी लावली, दहा वाजले. मोटार परिवहन कामगारांसाठीच्या १९६१ च्या कायद्याने एका दिवसाची कामगिरी संपल्यापासून दुसऱ्या दिवशीची सुरू होईपर्यंत सलग ९ तासांची विश्रांती सांगितली होती. म्हणजे सकाळी सातच्या आत या दोघांना हात लावायचा नाही. पण पहिली गाडी पहाटेची. तिच्यात दवाखान्यात जाणारे असतात, बाजाराला निघालेल्या बाया असतात, परीक्षेची मुलं असतात. आता गाडी उशिरा सोडायची, की दुसरी जोडी पाठवायची? दुसरी जोडी आणायची कुठून? दोघांपैकी एकाची साप्ताहिक सुट्टी उद्या आहे, ती मोडायची का?

त्याच कायद्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, कामगिरीचा एकूण पसारा १२ तासांच्या आत, ५ तास काम झालं की किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि जादा कामाला दुप्पट दर होता. रोकड भरण्याचा, लॉगशीट लिहिण्याचा, थांब्यावर हजर राहण्याचा वेळही कामातच धरलेला होता. ही माझ्या मते त्या कायद्याची सगळ्यात शहाणी तरतूद. स्टिअरिंग हातात नसतं तेव्हाही माणूस कामावर असतो, हे तिने मान्य केलं. २१ नोव्हेंबर २०२५ ला नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि हा जुना कायदा त्यांत विलीन झाला. दिवसाच्या ८ तासांचं माप मात्र कायम आहे.

आता हे सगळं पाळायचं कोणी? कामगिरी लावणाऱ्याने. एसटीत हा माणूस बहुतेक वेळा वाहतूक नियंत्रक असतो, आणि वाहतूक नियंत्रक हा बरेचदा पूर्वाश्रमीचा वाहक. वर्षानुवर्षं घंटी मारून, परीक्षा देऊन तो टेबलावर आलेला असतो. त्यामुळे खिडकीशी उभा राहणारा प्रत्येक जण त्याच्या ओळखीचा, कधी एकेकाळचा जोडीदार. “साहेब, काल मुक्कामी होतो, आज परत मुक्काम?” याला त्याच्याकडे उत्तर एकच असतं, “भाऊ, माणूस नाही.” कोणाच्या मुलीला बघायला पाहुणे येणार असतात, कोणाच्या कापसाची वेचणी अडलेली असते, कोणाची पाठ धरलेली असते. त्यातलं खरं किती हे त्याला पक्कं ठाऊक असतं, कारण ही सगळी कारणं त्यानेही कधीतरी दिलेली असतात. ओळखीच्यांना सोपे मार्ग आणि इतरांना घाट, असा आरोप आगाराआगारांत होतो. काही ठिकाणी तो खराही असेल. म्हणून कामगिऱ्यांचं रोटेशन भिंतीवर लावलंच पाहिजे. पण माणसंच कमी असतील तर चोख रोटेशनही कोलमडतं, आणि शिव्या मात्र टेबलावरच्याला बसतात.

पगाराचं बोलायचं तर २०२१ पर्यंत मागे जावं लागतं. करोनाच्या काळात एसटीचे पगार रखडले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेर राज्य शासनात विलीनीकरणाच्या मागणीसाठी संप सुरू झाला. नोव्हेंबरमध्ये सरकारने मूळ वेतनात वाढ जाहीर केली: सेवेची दहा वर्षं न भरलेल्यांना ५,०००, दहा ते वीस वर्षांवाल्यांना ४,००० आणि त्यापुढच्यांना २,५०० रुपये. त्याआधी नव्या कर्मचाऱ्याचं मूळ वेतन १२,०८० रुपये होतं आणि एकूण वेतन १७,३९५. एका जिल्ह्याची वाहतूक ज्यांच्या जिवावर चालते त्यांची ही किंमत होती. वाढीनंतरही संप मिटला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ७ एप्रिल २०२२ ला कामगारांना २२ एप्रिलपर्यंत रुजू व्हायला सांगितलं, तेव्हा कुठे गाड्या पूर्ववत होऊ लागल्या. मधल्या काळात टेबलावरच्या वाहतूक नियंत्रकांनाच पुन्हा वाहक म्हणून गाडीवर पाठवण्याची पाळी आली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा दोन दिवस काम थांबलं आणि मूळ वेतनात ६,५०० रुपयांची वाढ पदरात पडली.

एवढ्या साऱ्या चर्चेत चालक-वाहक होते, आणि ते असायलाच हवे होते. कामगिरी लावणाऱ्याचा ताण मात्र कुठल्या मागणीपत्रात ठळकपणे आल्याचं मला आठवत नाही. दरम्यान ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास मिळाला, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं. दोन्ही निर्णय उत्तम. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात त्यांनी बायकांना घराबाहेर पडण्याची मोकळीक दिली. गाड्या भरल्या. पण गर्दी वाढली की थांब्यावर वेळ जातो, फेरी लांबते, आणि पुढची कामगिरी नव्याने जुळवावी लागते.

विमानांच्या दुनियेत पैसा जास्त, दुखणं तेच. वैमानिकाच्या कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांचे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय ठरवतं. नव्या नियमांनी आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा ६ वरून २ वर आणली. दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला, आणि डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. नियम आधीपासून माहीत होते. त्यांना पुरतील एवढे वैमानिक रोस्टरला नव्हते. त्याआधी जून २०२५ मध्ये महासंचालनालयाने एअर इंडियाच्या तीन अधिकाऱ्यांना क्रू शेड्यूलिंगच्या जबाबदारीवरून दूर करायला लावलं होतं. नियम मोडून रोस्टर लावलं तर जाब विचारलाच पाहिजे, यात दुमत नाही. पण वैमानिकाचे तास मोजणारा नियम रात्रपाळीत त्याला फोन लावणाऱ्या शेड्यूलरचे तास मोजत नाही. उड्डाणाची आखणी करणाऱ्या फ्लाइट डिस्पॅचरला सरकारी मान्यता लागते, शेड्यूलरला तीही नाही. मान्यता नाही म्हणून नियमबाह्य कामगिरी लावायला नकार देताना पाठीशी कायद्याचं बळ नाही.

हा नकाराचा अधिकार मला पगाराइतकाच मोलाचा वाटतो. शहाद्याच्या टेबलावरच्या माणसाने “याची झोप झालेली नाही, फेरी रद्द” असं लिहिलं तर दुसऱ्या दिवशी त्यालाच फेरी का बुडाली म्हणून खुलासा द्यावा लागू नये. आज हिशेब बुडालेल्या किलोमीटरचा आणि उत्पन्नाचा होतो, वाचलेल्या झोपेचा होत नाही.

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. घोड्यांचा बाजार बघायला तापीकाठी माणूस लोटतो, जादा गाड्या सुटतात, नेहमीच्या फेऱ्यांतून जोड्या काढून तिकडे द्याव्या लागतात. होळीला सातपुड्यातली माणसं कामावरून घराकडे परततात, तेव्हा पुन्हा तेच. या तारखा पंचांगात वर्षभर आधी छापलेल्या असतात. त्या हिशेबाने आगाराला राखीव चालक-वाहक मिळावेत, टेबलावर त्या दिवसांपुरता दुसरा माणूस बसावा, जादा तासांचे पैसे त्यालाही मिळावेत. आणि अपघाताच्या चौकशीत चालक किती तास जागा होता हे विचारतात, तेव्हा त्या दिवशी आगारात किती माणसं कमी होती आणि ते टेबलावरून वर कळवलं होतं का, हेही कागदावर यावं.