इझाकाया, लाल चेहरे आणि चहाचा ग्लास

जपानमध्ये पीएचडी करायचा विचार असेल, तर एक प्रश्न तुमच्या मनात असणार: "लॅबची पार्टी इझाकायात असते म्हणे. प्यावीच लागते का?"

नाही. पण का नाही, ते समजून घ्या. त्यात बायोकेमिस्ट्री आहे.

इझाकाया म्हणजे बसून प्यायचं दुकान. एदो काळात दारूच्या दुकानांतच गिऱ्हाईक बसून पिऊ लागलं, तिथून ही प्रथा वाढली. आज तिथे याकितोरी (काडीला लावून भाजलेलं चिकन), एदामामे (सोयाबीनच्या उकडलेल्या शेंगा) अशा बशा मध्ये ठेवून सगळे वाटून खातात. बसल्या बसल्या न मागवलेली एक वाटी येते, ती 'ओतोशी'. तिचे पैसे बिलात लागतात, वाद घालू नका. शाकाहारी असाल तर आधीच सांगा. भाजीवरसुद्धा सुक्या माशाचा कीस असू शकतो.

आता विज्ञान. दारूतल्या इथेनॉलचं यकृतात आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, मग एएलडीएच२ हे एन्झाइम त्याचं ॲसिटेट करतं. जपानमध्ये साधारण 40 टक्के लोकांत या एन्झाइमच्या जनुकात एका अक्षराचा बदल असतो. त्यामुळे विषारी ॲसिटाल्डिहाइड साचतं. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळतं. असे लोक नेहमी पीत राहिले तर अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो. सवयीने लाली कमी वाटली, तरी जनुक तेच राहतं.

म्हणजे त्या टेबलावर न पिणारे तुम्ही एकटे नसता. शेजारी ऊलाँग चहा पिणारा सीनियर कदाचित याच कारणाने पीत नसेल. पिण्याची जबरदस्ती करण्याला तिथे 'आरुहारा' असा खास शब्द आहे, आणि तो कौतुकाचा नाही.

मग करायचं काय? सगळ्यांचे ग्लास येईपर्यंत थांबा, 'कानपाई' म्हणताना आपलाही ग्लास उचला. त्यात चहा असला तरी चालतो. शेजाऱ्याचा ग्लास रिकामा दिसला तर भरा. कोणी आग्रह केलाच तर "ओसाके वा नोमेमासेन", म्हणजे मला दारू चालत नाही, एवढं पुरे.

आणि लाल झालेल्या मित्राला "एवढ्यात चढली?" म्हणून चिडवू नका. ते त्याचं एन्झाइम आहे, कमजोरी नाही.