अनेक गुणांचा एक मेळ

चंदनाचा साबण म्हटला की बंगळूरचे नाव ओठांवर येते. पहिल्या महायुद्धामुळे चंदनाच्या लाकडाची युरोपातील बाजारपेठ तुटली, तेव्हा म्हैसूर संस्थानाने तेल घरीच गाळण्यास आरंभ केला. त्याच तेलातून पुढे हा साबण जन्मास आला. वडी दिसावयास साधी. पण गिऱ्हाइकाच्या तिच्याकडून अपेक्षा अनेक, आणि त्याही परस्परांशी भांडणाऱ्या. कोणत्याही साबणात खोबरेल वाढवावे तर फेस वाढतो, पण त्वचा कोरडी पडते. सुगंधी तेल वाढवावे तर सुवास दरवळतो, पण किंमत चढते. मग उत्तम वडी कोणती?

अशा प्रश्नांसाठी अमेरिकेतील हॅरिंग्टन ह्यांनी 1965 साली एक सुटसुटीत रीत मांडली. 1980 साली डेरिंजर आणि सुइच ह्यांनी तिला आजचे रूप दिले. प्रथम मोजके, आखीव प्रयोग करून घटकांचे प्रमाण आणि प्रत्येक गुण ह्यांचा संबंध समीकरणात बसवावयाचा. मग प्रत्येक गुणाला ‘इष्टते’चा अंक द्यावयाचा: सर्वस्वी त्याज्य ते शून्य, पूर्ण समाधानकारक ते एक. फेस जितका अधिक तितकी इष्टता अधिक. किंमत जितकी कमी तितकी इष्टता अधिक. वडीतील पाण्याचा अंश मात्र नेमका हवा, तो इकडे-तिकडे सरकला की इष्टता घटते.

खरी मेख पुढेच आहे. ह्या अंकांची बेरीज करावयाची नाही; त्यांचा गुणाकार करून मूळ काढावयाचे. तीन गुण असतील तर घनमूळ. समजा, फेस आणि सुवास ह्यांची इष्टता 0.9, पण त्वचेला होणाऱ्या त्रासामुळे तिसरा अंक शून्य. साधी सरासरी 0.6 भरेल आणि माल पसंत ठरेल. गुणाकार मात्र शून्यच! सुवास कितीही मोहक असो, अंगाची आग करणारा साबण दुसऱ्यांदा कोण घेईल?

आज मिनिटॅब किंवा जेएमपी ह्यांसारख्या संगणक-प्रणाली असंख्य मिश्रणे चाळून सर्वाधिक इष्टतेचे मिश्रण क्षणात पुढे ठेवतात. पण शून्य कोठे, एक कोठे आणि कोणत्या गुणाला किती महत्त्व, हे माणसानेच सांगावयाचे असते. तेथे चूक झाली, तर यंत्र चुकीची इच्छा अचूकपणे पुरी करील. शिवाय समीकरण म्हणजे अदमास. म्हणून संगणकाने सुचविलेली वडी प्रत्यक्ष घडवून, मोजून आणि वापरून पाहिल्यावाचून कारखान्याने ती बाजारात धाडू नये.