चार टिंबांची थादल

माझे एक मित्र अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या नोकरीतून निवृत्त झाले आणि त्यानंतर त्यांना चांगल्या बिअरचा शोध लागला. पुण्यात २००९ साली महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी सुरू झाली, पुढे ते लोण मुंबई-ठाण्याकडेही आलं. तेव्हापासून हे गृहस्थ भेटले की जव, हॉप्सची फुलं, फेस आणि कडवटपणा यांवर तासभर बोलतात. मी बिअर घेत नाही. त्यामुळे या गप्पांत माझं काम फक्त ऐकण्याचं. हेवा मात्र वाटतो, तो त्यांच्याजवळ जमलेल्या शब्दांचा. एक घोट घेऊन ‘आधी पावासारखी लागते, मग संत्र्याच्या सालीसारखी’ असं सांगणारा माणूस, त्याने उभ्या आयुष्यात कविता केली नसली तरी, आमच्याच बिरादरीतला.

एकदा मी त्यांना म्हटलं, “तुमच्या बिअरइतकंच बोलण्यासारखं एक पेय आपल्या उल्हासनगरात आहे. थादल.” त्यांनी नावही ऐकलेलं नव्हतं. चाळीस वर्षं अंबरनाथला राहून! उल्हासनगर म्हटलं की लोकांना जीन्स आठवतात, फर्निचर आठवतं, आणि ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा जुना विनोद हमखास आठवतो. नकलेचं गाव म्हणून ज्याची इतकी चेष्टा झाली, त्या गावाने एक अस्सल चीज सिंधमधून आणली आणि जपली, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून मी सांगतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची छावणी उभी राहिली होती. फाळणीनंतर तिच्या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित उतरवले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून गावाला नाव मिळालं. पण आजही पत्ता सांगताना माणूस ‘कॅम्प चार’, ‘कॅम्प पाच’ असंच सांगतो. आमचं घर कॅम्प पाचच्या कडेला, अंबरनाथचं शिवमंदिर चालत गाठता येईल इतक्या अंतरावर. अब्बा अंबरनाथला काडेपेट्यांच्या कारखान्यात होते. शेजारच्या बराकीत दादी राहायची.

दादी शिकारपूरची. कराचीहून बोटीने मुंबईला आलेली. सिंधीत ‘दादा’ म्हणजे थोरला भाऊ आणि ‘दादी’ म्हणजे थोरली बहीण. आम्ही पोरं तिला आजी समजून दादी म्हणायचो आणि ती स्वतःला आमची थोरली बहीण समजून खूश व्हायची. अम्मीचं आणि तिचं बोलणं मात्र पहिली काही वर्षं नळाच्या रांगेपुरतंच होतं. जिला सिंधमधलं भरलं घर सोडून यावं लागलं, तिच्या भिंतीला भिंत लागून आम्ही मुसलमान. दोन्हीकडे संकोच होता.

तो संकोच मोडला एका पत्राने. शिकारपूरच्या तिच्या जुन्या शेजारणीचं वर्षातून एखादं पत्र येई. दादीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि नातवंडांना ती अक्षरं येत नव्हती, कारण सिंधी तिकडे अरबी वळणाच्या लिपीत लिहिली जाते. इकडे आल्यावर देवनागरी सिंधीही रुजली. १९६७ साली सिंधीला घटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळाली, दोन्ही लिपी चालू राहिल्या, पण मुलं हळूहळू हिंदी-इंग्रजीकडे गेली. मी तेव्हा बारा वर्षांचा. मदरशात उर्दू वाचायला शिकलो होतो. दादीने मला बोलावलं. मी अक्षरं जुळवत मोठ्याने वाचायचो, मला अर्थ कळायचा नाही. तिला अक्षर दिसायचं नाही, पण अर्थ सगळा कळायचा. आम्हा दोघांचं मिळून एक पत्र वाचून व्हायचं.

थादलीचा पहिला पेला मिळाला तो या वाचनाची मजुरी म्हणून.

पुढे तिने आपली एक वहीही वाचायला दिली, पदार्थांच्या मापांची. तिच्यात एका पानावर वर एकच शब्द होता. पहिल्या अक्षराच्या डोक्यावर चार टिंबं. उर्दूत माझी मजल तीन टिंबांपर्यंतच. सिंधीच्या लिपीत बावन्न अक्षरं आहेत आणि चार टिंबांचं ते अक्षर म्हणजे ‘थ’, हे दादीने सांगितलं. पुढे दोन टिंबांचा ‘ध’. सिंधीत ‘थधो’ म्हणजे थंड, त्यावरून थाधल. आपल्या कानांना आणि बाजारातल्या पाटीला ती थादल.

खरं सांगायचं तर पहिल्या घोटात ती मला आवडली नव्हती. आमच्या घरी सरबत म्हणजे रूह अफजा. लालभडक, गोड, एकसुरी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीत हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी ते काढलं. त्यांचा एक मुलगा दिल्लीत राहिला, दुसरे हकीम मोहम्मद सईद १९४८ साली कराचीला गेले आणि सरबत दोन्ही देशांत चालू राहिलं. म्हणजे रूह अफजा इकडून तिकडे गेली आणि थादल तिकडून इकडे आली. दोघींची गाठ आमच्या ओट्यावर पडली. १९८५ साली रमजान मे-जूनमध्ये आला होता, अंगाची लाही होत होती. त्या महिन्यात दादी संध्याकाळी तांब्याभर थादल पाठवायची. खजुरानंतर तिचा घोट घशाखाली गेला आणि मला पहिल्यांदा जाणवलं, की ही एका दमात पिण्याची गोष्ट नाही. आधी बडीशेप येते, मग बदामाचा स्निग्धपणा, मग गुलाब, आणि सगळं संपल्यावर घशात मिरीची हलकी ऊब राहते.

आता ही ऊब थंड पेयात कशासाठी, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षं होता. मिरीत पायपरिन नावाचं द्रव्य असतं. ते आपल्या मज्जातंतूंना उष्णतेचाच भास करून देतं. भास झाला की शरीर घाम काढतं, घाम वाळला की अंग गार होतं. सिंधच्या हवेत हे झकास जमतं. जेकबाबादसारख्या गावात पारा पन्नास अंशांवर जातो, हवा कोरडी. हैदराबाद-सिंधमध्ये तर घरांच्या छपरांवर वारा खाली ओढून घेणारे झरोके बांधत. आपल्याकडे, उल्हास नदीच्या काठी, मे महिन्यात घाम येतो आणि तसाच राहतो. तेव्हा शास्त्र धरून पाहिलं तर थादल इथे तितकी गारवा देत नसणार. तरी माणसं पितात. पेयाने मुलूख सोडला, पिणाऱ्यांनी पेय सोडलं नाही.

करायची रीत सोपी आहे, पण वेळखाऊ. आमच्या घरात आता ठरलेलं माप असं: पाच-सहा पेल्यांना वीस-पंचवीस बदाम, दोन चमचे खसखस, दोन चमचे मगज, म्हणजे कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया, एक चमचा बडीशेप, दहा-बारा काळे मिरे, पाच-सहा वेलच्या आणि मूठभर सुक्या गुलाबपाकळ्या. सगळं रात्रभर भिजत घालायचं. सकाळी बदाम सोलायचे आणि मातीच्या रुंद कुंड्यात जाड लाकडी दांड्याने घोटायचं. थोडं पाणी, पुन्हा घोटणं. मग मलमलच्या फडक्यातून गाळायचं, चोथा परत कुंड्यात टाकून परत घोटायचा, असं तीनदा. शेवटी साखर आणि थंड दूध. (खसखशीत नशा नसते, हे सांगायला हवं, झाड अफूचंच असलं तरी बी निरुपद्रवी. पण दुबईला जाणाऱ्या मुलाच्या सामानात चुकूनही पुडी देऊ नका. तिथे खसखस बंद आहे.)

मिक्सरमधून होत नाही का? होते. पण मिक्सरचं पातं कापतं आणि दांडा चिरडतो. बदाम, खसखस आणि मगज यांत तेल भरपूर. घोटताना त्या तेलाचे इतके बारीक थेंब होतात की बियांतली प्रथिनं त्यांना पाण्यात धरून ठेवतात आणि दूध घालण्याआधीच पाणी दुधाळ दिसतं. वेलचीचा, बडीशेपेचा वास तेलात विरघळणारा. तो त्या थेंबांत जाऊन बसतो, म्हणून जिभेवर रेंगाळतो. मिक्सर फिरून फिरून तापला की त्यातला बराचसा वास स्वयंपाकघरातच उडून जातो. घर घमघमतं, पेला मात्र मुका. मित्रांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, आमच्या बिअरमध्येही सगळी सुरुवात भिजवण्यातच आहे. जव भिजवून मोड आणतात, तेव्हा पिष्टाची साखर करणारी द्रव्यं दाण्यात जागी होतात. त्या दिवशी प्रथमच आमच्या गप्पांत दोन्ही बाजूंनी बोलणं झालं.

थादलीचे खरे दिवस दोन, महाशिवरात्र आणि होळी. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इ.स. १०६० चं, महाशिवरात्रीला तिथे मोठी जत्रा भरते. त्या दिवशी काही घरांत थादलीत भांग पडायची. आमच्याकडे आलेल्या तांब्यात ती नाही, हे दादी अम्मीला झुलेलालची शपथ घेऊन सांगायची, आणि अम्मी तिचा शब्द मानायची. होळीला उल्हासनगरात घीयर मिळतात, जिलबीच्या जातीचे पण ताटाएवढे. त्यांच्या जोडीला थादल हवीच. हल्ली बाटलीतलं थादल सरबतही मिळतं. पाण्यात ओतलं की झालं. वाईट म्हणणार नाही, पण त्यात गुलाब सगळ्यांच्या पुढे धावतो आणि मिरी येतच नाही. घशातली ती शेवटची ऊब गेली की बाकी राहतं ते गोड दूध.

बराकींच्या जागी इमारती आल्या, मी बदलापूरला राहायला आलो. दादी गेली त्याला बरीच वर्षं झाली. तिच्या माघारी तिचा नातू ती वही घेऊन माझ्या घरी आला. त्याला सिंधी बोललेलं कळतं, मराठी माझ्याइतकी चांगली येते, वही मात्र वाचता येत नाही. आम्ही दोघांनी बसून ती देवनागरीत उतरवली. बदाम, खसखस, मगज, मिरी हे शब्द अडले नाहीत. ते तिच्या, माझ्या आणि त्याच्या भाषेत जवळपास तेच आहेत. अडलो मापांशी. वहीत चमचे नाहीत, मुठी आहेत. बडीशेप अर्धी मूठ, खसखस एक मूठ. कुणाची मूठ? दादीचा हात लहान होता, बांगड्या कोपरापर्यंत चढतील इतका. नातवाने स्वतःची मूठ भरून पाहिली, मी माझी. दोन्हींनी थादल पिठल्यासारखी झाली. शेवटी त्याच्या दहावीतल्या मुलीला बोलावलं, तिची मूठ भरली आणि ती वाटीत रिकामी करून चमच्याने मोजली. खसखस दोन चमचे निघाली.