शॅम्पेन, नारायणगाव आणि नावाची किंमत

पुणे-नाशिक रस्त्यावरचं नारायणगाव महाराष्ट्राला माहीत आहे ते टोमॅटोच्या बाजारासाठी, द्राक्षांसाठी आणि तमाशाच्या राहुट्यांसाठी. १९८० च्या दशकात याच गावात एक धाडसी उद्योग उभा राहिला. शामराव चौगुले या उद्योजकाने फ्रान्समधल्या रीम्सच्या पायपर-हायडसिक या जुन्या शॅम्पेन घराण्याचं तांत्रिक साहाय्य मिळवलं, फ्रेंच जातींच्या वेली लावल्या आणि अस्सल फ्रेंच पद्धतीने फेसाळती वाइन बनवून दाखवली. देशात ती ‘मार्किज द पॉम्पादूर’ या नावाने विकली जाई आणि परदेशात ‘ओमर खय्याम’ या नावाने. भारतातही अशी वाइन होऊ शकते, हे तिने बाहेरच्या जाणकारांना पटवून दिलं. कंपनीचं नाव होतं शॅम्पेन इंडेज. पुढे ते बदलून इंडेज व्हिंटनर्स झालं. मग परदेशातल्या कंपन्या विकत घेण्याचा सपाटा, त्यासाठी काढलेली कर्जं आणि २००८ ची मंदी यांच्या कात्रीत ती सापडली, आणि २०१० च्या सुमारास प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात कंपनी गुंडाळण्यापर्यंत गेलं. तंत्र आलं, वेली आल्या, शिकवणारे आले. मग आलं नाही ते काय? माझ्या मते, शॅम्पेनची खरी पुंजी बुडबुड्यांत नाही आणि कुठल्या गुप्त कृतीतही नाही. एका मुलखातल्या बागायतदारांनी आणि वाइन बनवणाऱ्यांनी शंभर वर्षं स्वतःच्या हाताला बांधून घेतलेल्या नियमांत ती आहे. तंत्र विकत मिळतं, ही शिस्त मिळत नाही.

आधी कृती पाहू, कारण तिच्यात लपवण्यासारखं काहीच नाही. शॅम्पेन हा पॅरिसच्या ईशान्येचा थंड, खडूच्या जमिनीचा प्रदेश. तिथे मुख्यतः शार्दोने हे पांढरं आणि पिनो न्वार व म्यूनिए ही काळी, अशी तीन द्राक्षं पिकतात. काळ्या द्राक्षाचाही रस पांढराच असतो, रंग असतो तो सालीत. म्हणून घड अख्खे ठेवून अगदी हलक्या दाबाने पिळतात. या रसाची आधी साधी, आंबटढाण वाइन होते. मग वेगवेगळ्या गावांच्या आणि मागे राखून ठेवलेल्या जुन्या सालांच्या वाइनी एकत्र करून मिश्रण जुळवतात. क्रूगसारखं घराणं आपल्या नेहमीच्या मिश्रणात शंभराहून अधिक वाइनी वापरतं. खरी करामत यानंतरची. हे मिश्रण बाटलीत भरताना त्यात लिटरमागे साधारण २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. बंद बाटलीत पुन्हा आंबवण सुरू होतं. तयार होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तो वाइनमध्येच विरघळतो. बाटलीतला दाब सहा वातावरणांपर्यंत, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ तिप्पट जातो. एकोणिसाव्या शतकात तळघरांत बाटल्या फुटत, तेव्हा कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे चढवून काम करत.

साखर संपली की यीस्ट मरून तळाशी बसतं, आणि मोल येतं ते या गाळामुळे. त्याच्यावर वाइन महिनोन्‌महिने पडून राहिली की तिला पावाचा, भाजक्या बदामाचा वास लागतो. पण गाळ बाटलीत ठेवून वाइन विकता येत नाही, आणि तो काढताना वायूही निसटून चालत नाही. यावर तोडगा निघाला तो १८१६ च्या सुमारास, मादाम क्लिको या विधवा बाईंच्या कारखान्यात. भोकं पाडलेल्या तिरक्या फळ्यांत बाटल्या मानेने खोचायच्या आणि कारागिराने रोज प्रत्येक बाटली मनगटाच्या एका झटक्यात थोडी फिरवून किंचित अधिक उभी करायची. सहा-आठ आठवड्यांत बाटली उलटी उभी राहते आणि सगळा गाळ बुचापाशी गोळा होतो. आता हे काम बहुतेक ठिकाणी यंत्रावरचे पिंजरे आठवडाभरात उरकतात. नंतर बाटलीची मान अतिथंड द्रावणात बुडवली की गाळाचा बर्फ होतो. झाकण उघडताच आतला दाब तो बर्फाचा खडा बाहेर भिरकावून देतो. कमी झालेली वाइन चवीपुरत्या साखरेसह भरून काढतात, जाड बूच ठोकतात आणि तारेने बांधतात. यातली एकही पायरी गुप्त नाही. डॉम पेरिन्यों या भिक्षूने बुडबुडे शोधून काढले, ही दंतकथाच आहे. १६६८ ते १७१५ या काळात ओव्हिलेरच्या मठात त्याची खटपट उलट ते टाळण्याची होती. वाइनमध्ये साखर घालून तिला फेस आणता येतो, हे ख्रिस्तोफर मेरेट या इंग्रज विद्वानाने १६६२ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं होतं.

आता नियम पाहा. ४,००० किलो द्राक्षांतून २,५५० लिटरच रस शॅम्पेनसाठी घेता येतो. त्यापुढे पिळून निघालेल्या थेंबाला ते नाव नाही. तोडणी हातानेच करायची. साध्या शॅम्पेनला बाटलीत किमान १५ महिने आणि एकाच सालच्या द्राक्षांच्या शॅम्पेनला तीन वर्षं तळघरात ठेवायचंच. तेवढा काळ भांडवल अडकून पडतं, याबद्दल तक्रार चालत नाही. सगळ्यांत कडक नियम बागेतला आहे: हेक्टरी किती माल तोडायचा, हे दरवर्षी बागायतदार आणि वाइन घराणी यांची संयुक्त समिती ठरवते. २०२० मध्ये करोनाने मागणी कोसळली, तेव्हा ही मर्यादा हेक्टरी ८,००० किलोवर आणली गेली, म्हणजे एकरी सव्वातीन टनांच्या आसपास. आपल्याकडे खाण्याच्या द्राक्षाची बाग एकरी दहा-बारा टन देते आणि त्याहून जास्त काढणाऱ्याचा सत्कार होतो. तिथे वेलीवर चांगला माल लटकलेला असताना तो न तोडण्याचा करार आहे. तो पाळला जातो, कारण बहुतेक बागा छोट्या बागायतदारांच्याच मालकीच्या आहेत आणि नावाचा भाव पडला तर पहिला फटका आपल्याला बसेल, हे त्यांना कळतं. तिथल्या द्राक्षाला किलोमागे सहा युरोहून अधिक मिळतात. आपल्या वाइनच्या द्राक्षाला सहसा शंभर रुपयेही मिळत नाहीत.

ही शिस्त सरकारने वरून लादलेली नाही आणि ती शांतपणेही आली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी सालामागून साल पीक बुडालं. त्याच वेळी काही व्यापारी लुआर खोऱ्यातून आणि दक्षिणेतून स्वस्त द्राक्षं आणून त्यांची ‘शॅम्पेन’ करू लागले. १९११ मध्ये शॅम्पेनमधल्या मार्न जिल्ह्यातले बागायतदार रस्त्यावर उतरले. आय या गावात व्यापाऱ्यांची कोठारं पेटली आणि सरकारला फौज पाठवावी लागली. मग हद्दी आखल्या गेल्या, त्यांवर वर्षानुवर्षं भांडणं झाली, १९२७ मध्ये कायद्याने सीमा पक्की झाली, १९३६ मध्ये नियंत्रित नावाचा दर्जा मिळाला आणि १९४१ मध्ये ऐन युद्धात संयुक्त समिती स्थापन झाली. उत्तम गणल्या जाणाऱ्या इतर फ्रेंच वाइनींचीही हीच रीत आहे. बोर्डोजवळचं शातो दिकेम हे गोड वाइनचं जगप्रसिद्ध घराणं. तिथे विशिष्ट बुरशीने सुरकुतलेले मणी निवडून निवडून तोडतात आणि एका वेलीपासून जेमतेम पेलाभर वाइन होते. २०१२ चं पीक मनासारखं उतरलं नाही, तेव्हा त्यांनी त्या सालची वाइन बाजारात आणलीच नाही. एका सालचं उत्पन्न सोडलं, पण नावाला धक्का लागू दिला नाही.

यावर पहिला आक्षेप हवामानाचा. ती थंडी, तो खडू, ती तळघरं आपण कुठून आणणार? आक्षेपात तथ्य आहे. फेसाळत्या वाइनला आंबटपणा हवा. आपल्या उन्हात द्राक्ष पिकता पिकता तो झपाट्याने उतरतो. महाराष्ट्रातल्या बागायतदाराने त्यावर मार्गही काढला आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळ्याच्या शेवटी गोड्या बहाराची छाटणी, आणि तोडणी थंडीत; फेसाळत्या वाइनसाठी तर आणखी लवकर. पण निव्वळ मातीनेच सगळं ठरत असतं, तर दक्षिण इंग्लंडला शॅम्पेनच्या तोडीचा भाव केव्हाच मिळाला असता. खडूचे तसेच थर तिथेही आहेत. तेतँजे या शॅम्पेन घराण्याने २०१५ मध्ये केंट परगण्यात जमीनही घेतली. तिथली वाइन उत्तम होते, पण तिच्यामागे शंभर वर्षांचा करार नाही. याहून बोलका दाखला आपल्या दारात आहे. मोएत हेनेसी ही शॅम्पेनमधल्या मोठ्या घराण्यांची मालक असलेली कंपनी नाशिकजवळ दिंडोरीला फेसाळती वाइन बनवते. २०१३ मध्ये ती बाजारात आली. बाटलीतच आंबवायची तीच पद्धत, मालकही तेच. तरी तिच्यावर शॅम्पेन असं लिहिण्याची सोय नाही. ती आहे फक्त ‘शाँदाँ’. नावाच्या हद्दीपुढे मालकाचीही मात्रा चालत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: ही शिस्त वगैरे काही नाही, भाव चढा ठेवण्यासाठी केलेली मक्तेदारी आहे. माल कमी काढायचा, नाव कुणाला वापरू द्यायचं नाही आणि जाहिरातीवर पैसा ओतायचा. हे अर्धं खरं आहे, आणि ते मान्य करायला हवं. स्वित्झर्लंडमध्ये शॅम्पेन याच नावाचं एक जुनं गाव आहे; त्याला आपल्या साध्या वाइनवर गावाचं नाव घालणंही २००४ पासून सोडावं लागलं. हा अन्याय वाटला तर नवल नाही. पण मक्तेदारी आणि करार यांत फरक आहे. मक्तेदार इतरांवर बंधन घालतो. इथे बागायतदाराने पहिलं बंधन घातलं ते स्वतःच्या वेलीवर. तिसरा आक्षेप असा की नियम प्रतिभेला मारतात. इटलीत टस्कनीच्या काही वाइनकारांनी १९७० च्या दशकात नियमांना बगल देऊन नियमबद्ध वाइनींपेक्षा सरस माल काढला. तेही खरं. पण त्यांतल्या सर्वांत नावाजलेल्या सासिकायाला १९९४ मध्ये नियमावलीतच स्वतंत्र स्थान देण्यात आलं. म्हणजे जुने नियम मोडणाऱ्यालाही शेवटी आपल्या कामाभोवती नव्या नियमांचं कुंपण लागलंच.

महाराष्ट्रात आपण नेमकं उलट केलं. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाने करसवलती दिल्या, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क उभे राहिले, नाशिकात सुलापाठोपाठ अनेक वायनरी निघाल्या. कारखाने झाले, पण एकरी किती माल, कोणत्या गावाचं द्राक्ष, बाटलीत किती महिने, यावर बागायतदार आणि वाइनकार यांनी मिळून पाळायचा करार काही झाला नाही. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण मानांकन हा नुसता दाखला आहे, त्यामागची शिस्त कायद्याने आपोआप येत नाही. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा शेतकऱ्याचं भलं हे कारण पुढे करण्यात आलं आणि विरोधात अण्णा हजारे उभे राहिले. दारूच्या धंद्याचं कौतुक कशाला, हा तेव्हाचा प्रश्न रास्त होता आणि आजही आहे. दारूने घरं बुडतात, हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. पण त्या वादात दोन्ही बाजूंच्या नजरेतून एक गोष्ट सुटली. शेतकऱ्याचं भलं किती बाटल्या खपल्या यावर ठरत नाही, बाटलीवरच्या नावात त्याचा वाटा किती यावर ठरतं. म्हणून न पिणाऱ्यानेही शॅम्पेनकडून हा धडा घ्यायला हरकत नाही.

आणि हा धडा द्राक्षाच्या पट्ट्यापुरता नाही. नारायणगाव पुणे जिल्ह्याच्या उत्तरेला. दक्षिणेला भोर-वेल्ह्याच्या मावळात आणि भोंगवलीसारख्या गावांत द्राक्षबागांची परंपरा नाही, पण या तालुक्यांच्या भाताला पुण्याच्या बाजारात मान आहे. आंबेमोहराच्या नावाखाली दुसराच बारीक तांदूळ खपवला जातो, ही तक्रार जुनीच आहे, आणि पोत्यावर भोर लिहिलेला इंद्रायणी भोरच्याच खाचरातला आहे, याची खात्री गिऱ्हाइकाला कोण देणार? १९११ च्या मार्नमधल्या बागायतदारांचं दुखणं याहून वेगळं नव्हतं. त्यांनी आधी परका माल अडवला, मग स्वतःच्या मालावर मोजमाप लावलं आणि मगच जगाकडे भाव मागितला. आपल्याकडे मानांकनाच्या अर्जापासून सुरुवात होते आणि प्रमाणपत्र भिंतीवर लागलं की काम संपतं. भोर-वेल्ह्यातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आणि गटांनी हा क्रम फिरवावा: बियाणं कोणतं, खाचरं कुठली, तांदूळ किती दिवस मुरवायचा, कोणत्या पोत्याला गावाचं नाव द्यायचं नाही, हे आधी आपसांत ठरवावं आणि मोडणाऱ्याला दंड लावावा. अर्ज त्यानंतर करावा.