जेत्यांची गावे, आमची नावे

साखऱ्याचा माणूस कोर्टकचेरीला किंवा दवाखान्याला हिंगोलीत उतरला की त्याच्या तोंडी सहज रिसाला बाजार येतो, तोफखाना येतो, पलटण येते, पेन्शनपुरा येतो. रिसाला म्हणजे घोडदळ. ही सगळी नावे हैदराबाद कंटिंजंटच्या छावणीची. निजामाच्या पैशावर आणि इंग्रजांच्या हुकुमावर चालणारी ही फौज. तिच्याच खर्चापोटी 1853 मध्ये निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावे लागले. पुढे फौज गेली, इंग्रज गेला, निजामशाहीही गेली. नावे मात्र राहिली. छावणीतली लीद कोणी काढली, मेलेले जनावर कोणी ओढले, हे कोणत्या मोहल्ल्याच्या नावावरून कळते?

हत्यार घेऊन येणारा नाव ठेवून जातो, हा जगाचा जुना रिवाज आहे. खडकीचेच पाहा. हे शहर 1610 च्या सुमारास वसवले मलिक अंबरने. हा अंबर अबिसिनियातला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, एका बाजारातून दुसऱ्या बाजारात फिरलेला. तोच पुढे निजामशाहीचा कारभारी झाला, मोगलांना त्याने जेरीस आणले, शहराला नहर बांधून पाणी दिले. 1626 मध्ये तो वारला आणि त्याच्या मुलाच्या, फतेहखानाच्या नावाने शहर फतेहनगर झाले. मग 1653 मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून आला आणि ते औरंगाबाद झाले. 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. संभाजीराजांबद्दल आम्हाला आदरच आहे. ज्याने 1689 मध्ये त्यांना हाल हाल करून मारले, त्याचे नाव शहराला हवे असा आमचा हट्ट कधीच नव्हता. पण चारशे वर्षांच्या या नामांतरात शहर वसवणाऱ्या गुलामाचे नाव एकदाही पाटीवर चढले नाही, एवढी नोंद आम्ही करून ठेवतो.

आता जरा समुद्रापलीकडे जाऊ. हर्नांडो डी सोटो नावाचा एक स्पॅनिश सरदार होता. पेरू देशात इंका राजाचे सोने लुटण्यात त्याचा वाटा होता. त्या पैशावर त्याने स्वतःची मोहीम उभारली आणि 1539 मध्ये सहाशेच्या आसपास माणसे, दोनशेवर घोडे आणि डुकरांचा कळप घेऊन तो फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उतरला. सोबत लोखंडी साखळ्या आणि गळ्यात अडकवायची कडीही होती. कशासाठी? वाटेतल्या मूळनिवासींना पकडून त्यांच्या डोक्यावर ओझी द्यायची म्हणून. वेठबिगारी ही काही फक्त आपल्याकडच्या गावगाड्याची करणी नाही.

तीन वर्षे तो भटकला. सोने सापडले नाही. 1540 च्या ऑक्टोबरात माबिला नावाच्या तटबंदीच्या गावी तास्कालुसा या मूळनिवासी प्रमुखाने त्याला अडवले. स्पॅनिशांनी गाव पेटवून दिले. हजारो माणसे तलवारीने आणि आगीने मेली. 1542 मध्ये मिसिसिपी नदीकाठी डी सोटो तापाने मेला. आपण सूर्याचा पुत्र असल्याचे तो लोकांना सांगत असे. हा सूर्यपुत्र मेल्याचे कळू नये म्हणून सोबत्यांनी त्याचे प्रेत रात्री नदीत बुडवले.

या फसलेल्या मोहिमेचे पुढे काय झाले? फ्लोरिडात त्याच्या नावाचा जिल्हा आहे, मिसिसिपीतही आहे. क्रायस्लर कंपनीने त्याच्या नावाची मोटार काढली आणि ती डिसोटो मोटार आपल्या मुंबईत, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातही जुळवली गेली. आमच्याकडच्या शेठ-सावकारांनी ती फिरवली, नावामागची साखळी त्यांना कोठून ठाऊक असणार!

पण बांधवांनो, आमचा मुद्दा पुढेच आहे. ज्याचे गाव जळाले त्या तास्कालुसाच्या नावानेही अमेरिकेत शहर आहे. अलाबामा राज्यातले टस्कालुसा. मूळनिवासींच्या भाषेत या शब्दाचा अर्थ काळा योद्धा. पराभूताचे नाव शहराला दिले, केवढे हे मोठे मन, असे कोणी म्हणेल. तारखा पाहा. शहराला हे नाव मिळाले 1819 च्या सुमारास. 1830 मध्ये तिथल्या चोक्टॉ लोकांशी करार करवून त्यांना शेकडो मैल पश्चिमेला हाकलले, तेव्हा त्या राज्याची राजधानी हेच टस्कालुसा होते. नाव ठेवले आणि माणसे घालवली. जो हक्क मागायला उरलेला नाही, त्याचे नाव पाटीवर लिहायला काहीच पडत नाही.

त्याच टस्कालुसात अलाबामा विद्यापीठ आहे. फेब्रुवारी 1956 मध्ये ऑथरीन ल्युसी ही पहिली काळी विद्यार्थिनी तिथे वर्गात बसली. तिसऱ्या दिवशी जमावाने दगड आणि अंडी घेऊन तिचा पाठलाग केला, आणि विद्यापीठाने जमावाला नव्हे, तिलाच बाहेर काढले. काळ्या योद्ध्याच्या गावात काळी पोर चालली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. 2022 मध्ये त्याच विद्यापीठाने एका इमारतीला ल्युसीबाईंचे नाव द्यायचे ठरवले. त्या इमारतीला आधीच ग्रेव्हज नावाच्या जुन्या गव्हर्नरचे नाव होते आणि हा गृहस्थ कु क्लक्स क्लॅनचा पुढारी होता. मग तोडगा काय, तर 'ल्युसी-ग्रेव्हज'! ओरड झाली तेव्हा ग्रेव्हज काढले.

हे वाचताना मराठवाड्यातल्या माणसाच्या पोटात कालवल्याशिवाय राहील का? 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. लगेच गावोगाव आमची घरे पेटली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. 1979 मध्ये नागपूरहून लाँग मार्च निघाला. 25 नोव्हेंबर 1993 रोजी नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतले. मग 14 जानेवारी 1994 रोजी मिळाला तो नामविस्तार, म्हणजे बाबासाहेबही आणि मराठवाडाही. मराठवाडा आमचीच भूमी आहे, त्या शब्दाशी आमचे वैर नाही. पण एका ठरावाला साडेपंधरा वर्षे? याच सरकारी यंत्रणेने शहराचे नामांतर जून 2022 ला मंत्रिमंडळात घेतले आणि फेब्रुवारी 2023 ला केंद्राची मंजुरी आणली. त्याच्याही मागणीला तीन दशके झाली होती हे खरे. पण त्या मागणीपायी मागणाऱ्याचीच वस्ती जाळली गेली नव्हती.

आणि 1994 मध्येच नांदेडला वेगळे विद्यापीठ झाले. नांदेड, परभणी, लातूर तिकडे गेले. हिंगोली तेव्हा परभणीतच होती. ज्या नावासाठी या भागातल्या माणसांनी मार खाल्ला, ते नाव साखऱ्याच्या पोराच्या पदवीवर आलेच नाही.

1978 ची आग केवळ पाटीसाठी नव्हती. ज्या माणसाने गावकीची कामे सोडली, पोर कॉलेजात धाडले, गायरानात नांगर घातला, त्याच्यावर ती होती. बाबासाहेबांचे नाव मागणारा समाज तास्कालुसासारखा हद्दपार झालेला नव्हता. तो गावातच होता, आणि वाटा मागत होता.

डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर अशी नावे द्यायचे ठरवले. चांगले केले. पण भीमनगरात राहणाऱ्याच्या नावावर गुंठाभर तरी जमीन आहे का? भूमिहीनांनी 1964 मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली तुरुंग भरले. 14 एप्रिल 1990 पर्यंतची गायरानातली अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय 1991 मध्ये निघाला. तरी कित्येकांचा सातबारा झाला नाही, आणि 2022 मध्ये गायरानाचा प्रश्न उच्च न्यायालयापुढे आला तेव्हा नोटिसांची धास्ती पुन्हा याच वस्त्यांनी घेतली.

म्हणून साखऱ्यातल्या आणि आसपासच्या तरुणांना आमचे सांगणे आहे. तलाठ्याकडे जा (त्यालाही 2024 मध्ये ग्राम महसूल अधिकारी असे नवे नाव मिळाले आहे). गाव नमुना 1-ई, म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही, तिची नक्कल मागा. 1990 च्या आधीच्या पानांवर आपल्या आज्याचे नाव, गट नंबर आणि क्षेत्र लिहिलेले आहे का ते पाहा. दंडाच्या जुन्या पावत्या घरच्या पेटीत असतील तर त्या काढा आणि त्याच अर्जाला जोडा.