पेशींचा संवाद आणि त्वचेचा कर्करोग

त्वचेला रंग देणारे मेलॅनिन हे द्रव्य ज्या पेशी तयार करतात, त्यांच्यापासून उद्भवणाऱ्या कर्करोगास मेलॅनोमा म्हणतात. त्वचेच्या कर्करोगांत हा प्रकार त्या मानाने विरळ. परंतु तो शरीरात दूरवर पसरतो आणि म्हणूनच घातक ठरतो. अशा पेशींचा नाश करू शकणाऱ्या मारक टी-पेशी शरीरात असतात. तथापि त्या आपण होऊन कामाला लागत नाहीत. त्यांना आधी वर्दी मिळावी लागते.

ही वर्दी पोचविण्याचे काम वृक्षिका पेशींचे होय. झाडाच्या फांद्यांसारखे फाटे फुटलेल्या या पेशींचे वर्णन न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील राल्फ स्टाइनमन व झॅनव्हिल कोन यांनी १९७३ मध्ये केले. मृत कर्कपेशींचे अवशेष गिळून या पेशी लसीकावाहिन्यांतून जवळच्या लसीकाग्रंथीत जातात आणि त्या अवशेषांतील प्रथिनांचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडतात. ज्या टी-पेशीचा ग्राही अशा तुकड्याशी जुळतो, तिला पहिला संकेत मिळतो. पण एवढ्याने भागत नाही. वृक्षिका पेशीकडून दुसरा, संमतीचा संकेतही यावा लागतो. तो न आल्यास टी-पेशी निष्क्रिय होते. निरोगी पेशींवर चुकून हल्ला होऊ नये, यासाठी ही दक्षता असते.

हा संकेत बळकट करतात त्या साहाय्यक टी-पेशी. वृक्षिका पेशीवरील सीडी-४० या रेणूमार्फत त्या तिला चेतवितात. मग तिच्यावर संमतीचे रेणू वाढतात, ती इंटरल्युकिन-१२ स्रवते आणि मारक पेशींची संख्या झपाट्याने वाढते. तीन स्वतंत्र संशोधकगटांनी १९९८ मध्ये ही साखळी उलगडून दाखविली.

अर्बुदापाशी पोचलेल्या मारक पेशी गॅमा इंटरफेरॉन स्रवतात. त्यामुळे कर्कपेशी अधिक सहज ओळखता येतात; परंतु त्याच द्रव्याच्या प्रभावाने कर्कपेशींवर असा एक रेणू उमटतो, की जो मारक पेशींवरील पीडी-१ या ग्राहीला लागताच त्या थंडावतात. लसीकाग्रंथीत सीटीएलए-४ हा रेणूही असाच लगाम घालतो. तो सैल केल्यास उंदरांतील अर्बुदे नाहीशी होऊ शकतात, हे जेम्स ॲलिसन यांनी १९९६ मध्ये दाखविले. पीडी-१ चा शोध जपानमध्ये तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये लागला होता. २०१८ चे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून देण्यात आले.

पूर्वी दूरवर पसरलेल्या मेलॅनोमाचे बहुतेक रुग्ण वर्षभरही जगत नसत. दोन्ही लगाम एकाच वेळी सैल करणारे उपचार घेतलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतरही हयात होते, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत आढळले. अर्थात लगाम सुटलेल्या पेशी कधीकधी रुग्णाच्या आतड्यांवर वा यकृतावरही हल्ला करतात. शिवाय जेथे पेशींचा संवाद मुळात सुरूच झालेला नाही, तेथे लगाम सैल करून फारसे साधत नाही. म्हणूनच वर्दी देणाऱ्या वृक्षिका पेशींना आणि त्यांना बळ देणाऱ्या साहाय्यक पेशींना जागे कसे करावे, याकडे आता संशोधकांचे लक्ष लागले आहे.